आमच्या धर्मग्रामाचा इतिहास लिहायचाय, फादरांच्या यादीपलीकडे काय शोधू?

वाडीतली_लेक

नमस्कार मंडळी. वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं आमचं छोटं धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, एका चर्चखालची वस्ती. पुढच्या वर्षी चर्चचा मोठा महोत्सव आहे, स्मरणिका निघणार, आणि "तू मराठी शिकवतेस ना, मग इतिहासाची दहा पानं तुझी" असं पॅरिश कौन्सिलने सांगून टाकलं. मी आनंदाने हो म्हटलं.

मग आधीच्या तिन्ही स्मरणिका काढून बसले. तिन्हींत शब्दन् शब्द तोच इतिहास. पोर्तुगीज आले, चर्च बांधलं, १७३९ ला मराठ्यांनी वसई घेतली, "कालांतराने चर्चचा जीर्णोद्धार झाला" आणि पुढे दोन पानं फादरांची यादी, कोण कधी आले कधी गेले. संपला इतिहास!

माझी आजी सांगते की तिच्या आजीने चर्चच्या कामाला चुना वाहिला, डोक्यावर घमेली घेऊन, पहाटे वाडीला पाणी सोडून झालं की मग. गावातल्या सगळ्या बायका होत्या म्हणे. त्यांचं एक नाव कुठे नाही. आणि "कालांतराने" या एका शब्दात किती वर्षं गिळली आहेत, तेवढ्या वर्षांत इथे कोणी प्रार्थना केली, कोणी पोरांना क्रूसाची खूण शिकवली, ते मला लिहायचंय. फादरांबद्दल पूर्ण आदर आहे, पण धर्मग्राम म्हणजे फक्त फादर नाहीत.

तर विचारायचं हे की साधनं कुठे शोधू? मला पोर्तुगीज येत नाही, लॅटिन येत नाही. कोणी आपल्या गावचं असं काम केलंय का?

नंदाखालचा_नातू

अभिनंदन ताई! आमचं चर्च १५७३ चं आणि आमच्याकडेही गाडी यादीवरच अडलीय. हा धागा वाचत राहणार.

पणजीवाला

सुरुवात चर्चच्या कपाटापासून करा, बाहेर नंतर जा. स्नानसंस्कार (म्हणजे बाप्तिस्मा), लग्न आणि मृत्यू यांची पुस्तकं. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये लग्नांची नोंद सक्तीची केली आणि आजच्या कॅनन लॉमध्येही, म्हणजे चर्चच्या कायद्यातही, ५३५ वं कलम आहे, प्रत्येक धर्मग्रामाने ही पुस्तकं ठेवलीच पाहिजेत. म्हणजे तुमच्याकडे काही ना काही नक्की असणार.

एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे स्नानसंस्काराच्या पुस्तकातला समास. १९०८ पासून नियम आला की माणसाचं लग्न झालं की ते त्याच्या स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी लिहायचं. त्यामुळे समासात बारीक अक्षरात "अमुक चर्चमध्ये अमुकशी लग्न" असं सापडतं. कुठल्या मुली कुठे दिल्या, कोण मुंबईला गेलं, हे सगळं समासात. मजकूर एकदा वाचा, समास दोनदा वाचा.

आगाशीची_सुकेळी

समास दोनदा वाचा, हे वाक्य मी आज वर्गात फळ्यावर लिहिणार आहे :)

वाडीतली_लेक

पणजीवाला, खूप धन्यवाद! कपाट उघडायची परवानगी फादरांनी कालच दिली. आमची सगळ्यात जुनी जी वही आहे तिची पहिली पानं कसरीने खाल्लीत आणि काही ठिकाणी शाईनेच कागद जाळलाय, अक्षराच्या आकाराची भोकं पडलीत, पान उजेडात धरलं की नाव भोकातून वाचता येतं. मी तर हात लावायलाच घाबरले.

पणजीवाला

ती लोखंडाची शाई, ती कागद खातेच. पान उजेडात धरू नका, मोडेल. वही टेबलावर सपाट ठेवा, खाली मऊ कापडाची गुंडाळी द्या म्हणजे पाठ ताणली जाणार नाही, हात कोरडे आणि स्वच्छ ठेवा, आणि मोबाईलने प्रत्येक पानाचे फोटो काढा, फ्लॅश बंद. लॅमिनेशन कोणी सुचवलं तर हात जोडून नाही म्हणा. एका ठिकाणी मी ते झालेलं बघितलंय, प्लास्टिकच्या आत कागदाचा पिवळा भुगा राहिला होता, अजून आठवलं की वाईट वाटतं.

दप्तरातला_माणूस

मी पुण्याचा, मोडी वाचतो. तुमच्या "कालांतराने" वाल्या प्रश्नावर माझं मत सांगतो. बहुतेक स्मरणिका मधल्या काळात गप्प होतात कारण लिहिणारे फक्त पोर्तुगीज आणि इंग्रजी कागद बघतात. मे १७३९ नंतर वसईचा कारभार मराठीत आणि मोडीत चालला. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, त्यात वसई प्रांताचे कागद आहेत, गावं, जमिनी, वसुली, तक्रारी. तुमच्या गावाचं नाव तिथे असायची शक्यता चांगली आहे, फक्त ते चर्चच्या नावाने शोधू नका, गावाच्या नावाने शोधा. ख्रिस्ती लोकांसाठी जुना शब्द "किरिस्ताव", तोही लक्षात ठेवा.

आणि काळ नीट मांडा. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, तिथून १७३९ पर्यंत दोनशे वर्षं. मग मराठे. मध्ये १७८० ला इंग्रजांनी किल्ला घेतला, सालबाईच्या तहाने परत दिला, १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईतच तह केला आणि १८१८ ला सगळंच इंग्रजांकडे गेलं. तुमच्या आजीच्या पणजीच्या पणजीने बहुतेक दोन-तीन राज्यं बदलताना बघितली आणि रविवारी काय केलं, तोच तुमचा विषय.

सरळ_बोलतो

विषय चांगला आहे पण एक विचारतो, राग मानू नका. पोर्तुगीजांनी देवळं पाडली, लोकांना बाटवलं, हे त्या दहा पानांत येणार का? की चर्च बांधलं इथूनच सुरुवात?

वाडीतली_लेक

राग कशाला, प्रश्न बरोबर आहे. येणार. माझ्याच घराण्याबद्दल आहे ते, मी लपवून काय मिळवणार.

कुपारी_मुलुख

सरळ_बोलतो, आम्ही सामवेदी ख्रिस्ती, आमच्या घरात आज चारशे वर्षांनीही लग्नात हळद आहे, बायकांचं लाल लुगडं आहे, घरात कादोडी बोलतो. आपण कोण होतो हे आम्ही कधी विसरलो नाही आणि कोण आहोत याची लाजही वाटत नाही. माझा मुद्दा एवढाच की "बाटवलं" या एका शब्दात आमचे पूर्वज फक्त बळी होऊन बसतात, जणू त्यांनी आयुष्यात स्वतःहून काही ठरवलंच नाही. दोनशे वर्षं जबरदस्ती होती असं धरा, मग १७३९ ला पोर्तुगीज गेले तेव्हा सगळ्यांनी ते टाकून का दिलं नाही? काही कुटुंबं परत हिंदू झाली, हे खरं आहे. बाकीचे राहिले. त्या राहण्याला काहीतरी नाव द्याल की नाही?

पणजीवाला

दोन्ही लिहायला हवं. जबरदस्ती होती आणि ती कायद्याने होती, १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या नावाने फर्मान निघालं की आईबाप नसलेली हिंदू मुलं ख्रिस्ती करायला ताब्यात घ्यायची, आणि १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, होतं ते १८१२ पर्यंत, त्याचा हात उत्तरेला वसईपर्यंत पोचायचा आणि त्याचा त्रास नवख्रिस्ती लोकांनाच सगळ्यात जास्त झाला. जमीन, नोकरी, संरक्षण यांची लालूच होती. आणि खरोखर श्रद्धेने आलेले लोकही होते. एका गावात तिन्ही प्रकारची घरं शेजारी शेजारी असणार. "गावाने धर्म स्वीकारला" असं एकसंध वाक्य लिहू नका, गाव कधी एकसंध नसतं.

सरळ_बोलतो

हे पटलं. "राहिले" हा शब्द चांगला आहे, त्यावर मी कधी विचार केला नव्हता.

पंचवटीकर

मी नाशिकचा, माझा संबंध घंटेपुरता. आमच्याकडे गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळात जी मोठी घंटा आहे ती वसईच्या मोहिमेची आठवण, घंटेवर १७२१ साल आहे. लहानपणापासून ऐकलंय की नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं की महापूर. म्हणजे वसईच्या कुठल्या तरी चर्चची घंटा तीनशे वर्षांनी आमच्या पुराची खूण झाली. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर अशीच एक आहे, १७०७ ची, तिच्यावर मरियामाता आणि बाळ येशू कोरलेत. भीमाशंकरलाही आहे. लेकीबाई, तुमच्या चर्चची घंटा जुनी आहे का?

वाडीतली_लेक

नाही हो, आत्ताची घंटा इंग्रजांच्या काळातली आहे. जुनीचं काय झालं कोणाला माहीत नाही. तुमचं वाचून पोटात कसंतरी झालं, की कुठेतरी देवळात आमची घंटा वाजत असेल आणि वाजवणाऱ्याला माहीत नसेल.

पंचवटीकर

आमच्याकडे माहीत असतं ताई. म्हातारी माणसं सांगतात, "ही किरिस्तावांची घंटा". जपली आहे चांगली. तुम्ही नाशिकला आलात तर मी स्वतः घेऊन जाईन, फोटो काढा, स्मरणिकेत छापा.

किल्ल्यात_फिरणारा

घंटेपेक्षा दगड बघा असं मी म्हणेन. वसई किल्ल्यात फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीवर थडग्यांच्या शिळा आहेत, पोर्तुगीजमध्ये नावं, "सेपुल्तुरा" असा शब्द दिसेल, म्हणजे कबर. सकाळी सात-साडेसातला जा, ऊन तिरकं असताना, तेव्हा झिजलेली अक्षरंही सावलीने उठून दिसतात, बारा वाजता गेलात तर नुसता सपाट दगड. आणि वसईचा दगड इथेच राहिला असं नाही, जुन्या गोव्यातलं बॉम जेझुसचं चर्च, जिथे संत झेवियरचं शव आहे, त्याच्या दर्शनी भागाचा काळा दगड वसईहून गेलाय. हा दगड फोडणारे, होडीत चढवणारे हात कोणाचे? आपल्याच गावचे असणार. हे तुमच्या चुना वाहणाऱ्या बायकांच्या शेजारी ठेवा.

घमेलंवाली

चुन्यावरून आठवलं, घमेलं हा शब्दच पोर्तुगीज आहे! गामेला. बादली, चावी, बिजागरी, फीत, पगार, लिलाव, पाद्री हे पण. म्हणजे वाडीतलीच्या आजीच्या आजीने चुना पोर्तुगीज शब्दात वाहिला :)

आगाशीची_सुकेळी

आणि बिजागरीवर चर्चचं दार फिरलं, चावीने उघडलं, आणि गवंड्याला पगार मिळाला. आख्खं चर्च उभं राहिलं की त्या यादीत!

घमेलंवाली

बायकांना पगार मिळाला का ते मात्र विचारा.

वाडीतली_लेक

नाही मिळाला. आजी म्हणते "देवाचं काम". पण दुपारी गवंड्यांचं जेवण एकेका घराकडे वाटून दिलेलं असायचं, तेही बायकांच्याच अंगावर.

कोळीवाड्यातून

मी पाचूबंदरचा. एक सांगू का, वसईच्या चर्चचा इतिहास म्हटला की सगळे वाडीवाल्यांचा लिहितात. केळी, पानवेली, विहिरी, रहाट. आम्ही कोळी ख्रिस्ती कुठेतरी एका वाक्यात, "मच्छीमार बांधवही आहेत". आमच्याकडे नवी होडी फादरांच्या आशीर्वादाशिवाय पाण्यात जात नाही, वादळात गेलेल्यांच्या मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या उपासना, वर्षानुवर्षं सांगितल्या जातात. मृत्यूच्या पुस्तकात बघा, ज्यांचं प्रेतच मिळालं नाही त्यांची नोंद कशी केलीय. तुमच्या धर्मग्रामात कोळी घरं असतील तर प्लीज त्यांना एक वाक्य देऊ नका, एक पान द्या.

वाडीतली_लेक

आमच्याकडे बारा घरं आहेत कोळ्यांची. खरं सांगते, मी त्यांच्याकडे अजून गेले नव्हते. या रविवारी जाते. पान नक्की.

जुन्या_मिस्सेचा

वय ७८. नातू टाइप करून देतोय, मी बोलतोय. आमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये, फादर वेदीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ. पुढे काय चाललंय ते कोणाला कळत नसे म्हणून बायका आपली रोझरी म्हणत बसत, मध्ये घंटी वाजली की माना खाली. मी वेदीवरचा मुलगा होतो, लॅटिन उत्तरं पाठ, अर्थ शून्य. दुसरी व्हॅटिकन परिषद झाली १९६२ ते ६५, आणि मग मराठी आलं. पहिल्यांदा फादर आमच्याकडे वळून "प्रभू तुम्हांबरोबर असो" म्हणाले तेव्हा माझी आई माझ्याकडे बघून म्हणाली, अरे हे तर आपल्याशी बोलतायत. एवढी वर्षं ती रोज चर्चला जात होती. हे वाक्य तुमच्या पुस्तकात घाला, नाव नाही घातलं तरी चालेल.

नंदाखालचा_नातू

काका, डोळ्यांत पाणी आलं.

कुपारी_मुलुख

आणि मराठी आली ती टिकली, हा वसईचा मोठा भाग आहे. "सुवार्ता" मासिक १९५५ पासून मराठीत. फादर दिब्रिटो नंदाखालचे, त्यांनी वर्षानुवर्षं ते संपादित केलं, पाण्याच्या टँकरविरुद्ध आणि हिरव्या वसईसाठी रस्त्यावर उतरले आणि २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जुलै २०२४ मध्ये गेले. चर्चचा इतिहास लिहिताना विहिरींचं पाणी का येऊ नये? आमच्या गावात त्या काळी मिस्सा संपली की चर्चच्या पटांगणातच पाण्याची सभा भरायची.

सरळ_बोलतो

एक अडाणी प्रश्न. वसई मुंबईच्या इतक्या जवळ, मग चर्चचे कागद गोव्यात का असतील?

पणजीवाला

अडाणी अजिबात नाही, याच्यातच अर्धे शोधणारे हरवतात. वसईची चर्चेस "पाद्रोआदो"खाली होती, म्हणजे बिशप नेमण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाचा. मराठ्यांच्या काळात आणि इंग्रजांच्या काळातही हे गोव्याकडूनच चाललं, युरोपियन पाद्री गेल्यावर गोव्याचे देशी पाद्री इथे सेवा करत होते. मुंबईत मात्र १७२० मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीज पाद्रींना काढून रोमने पाठवलेल्या कार्मेलाइट मिशनऱ्यांकडे चर्चेस दिली, त्यामुळे दोन सत्तांची भांडणं पुढे दीडशे-दोनशे वर्षं. १८८६ च्या करारात दमणचं धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपाच्या हाताखालचा प्रदेश, झालं आणि वसई त्यात गेली. १९२८ मध्ये दमण बंद झालं, वसई मुंबईला जोडली. आणि २२ मे १९९८ ला वसईचं स्वतःचं धर्मप्रांत, पापडीचं चर्च कॅथेड्रल झालं.

तर एका छोट्या गावचे कागद चार ठिकाणी असू शकतात, गोवा, दमण, मुंबई, वसई. बिशपाचा पत्रव्यवहार, भेटीचे अहवाल, जमिनीची भांडणं. १८८६ च्या आधीचं हवं असेल तर पणजी, मी इथेच आहे, गावाचं जुनं पोर्तुगीज स्पेलिंग मला कळवा.

दप्तरातला_माणूस

आणि १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर विसरू नका, स्थळांच्या भागात वसईवर बरीच पानं आहेत. फक्त इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेने लिहिलंय हे ध्यानात ठेवा. आधीच्या स्मरणिका बहुतेक त्यावरूनच उतरवल्या असणार.

शंकासुर_नाही

मला मात्र ह्या सगळ्यात एक धोका दिसतो. दहा पानं आहेत. त्यात बहादूरशहा, चिमाजी अप्पा, पाद्रोआदो, दमण, व्हॅटिकन परिषद सगळं घातलं तर ताईंच्या गावाला जागा कुठे उरली? ते वसईचं पुस्तक होईल, गावाचं नाही. संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मेले, १८६२ मध्ये संत झाले, हे प्रत्येक स्मरणिकेत असतंच, अभिमान आहेच, पण त्यांनी तुमच्या वेशीवर पाय ठेवला होता का हे कोणी सांगू शकत नाही. मोठ्या नावांनी पानं भरतात आणि लहान माणसं परत बाहेर. ताईंनी मूळ प्रश्न काय विचारला होता ते वर जाऊन वाचा.

पणजीवाला

मान्य. मीच सगळ्यात जास्त घातलं.

आगाशीची_सुकेळी

पार्श्वभूमीला एक पान, बाकी नऊ गावाची. आणि काका म्हणाले ते "आपल्याशी बोलतायत" पहिल्या पानावर.

क्रूस_नाक्यावरचा

रस्त्यावरचे क्रूस मोजा. माझी आजी खुरीस म्हणायची. प्रत्येकाच्या चौथऱ्यावर साल असतं, बांधणाऱ्या घराचं नाव असतं. मुंबईत वांद्र्याकडे १८९६ च्या प्लेगमध्ये साथ हटावी म्हणून लोकांनी क्रूस उभारले, वसईतही तारखा बघा, एकाच दोन-चार वर्षांत बरेच क्रूस दिसले तर गावात तेव्हा काहीतरी घडलं होतं. मग ती वर्षं मृत्यूच्या पुस्तकात काढायची. क्रूस आणि पुस्तक एकमेकांशी बोलतात. पण चुना फासून फासून अक्षरं बुजलेली असतात, खरवडू नका, ओल्या कापडाने पुसून तिरका टॉर्च मारा.

वाडीतली_लेक

बरेच दिवसांनी येतेय, माफ करा, परीक्षा होत्या. पण काम थांबलं नव्हतं.

क्रूस मोजले, सात. चारांवर साल सापडलं. कोळीवाड्यातून, मी तुमच्या लोकांकडे जाऊन आले, दोन तास बसवून घेतलं, एका आजोबांनी वडिलांच्या होडीच्या आशीर्वादाचं कार्ड दाखवलं, त्यांनी ते प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवलंय. दप्तरातला_माणूस, गावाचं नाव पाठवलंय.

आता मुख्य. मी स्नानसंस्काराचं जुनं पुस्तक पान पान बघितलं, १९२८ च्या आधीचं, पोर्तुगीज आहे. वाचता येत नाही पण साचा एकच असल्याने हळूहळू कळायला लागलं, दिवस, महिना, बाळाचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव, धर्मपिता, धर्ममाता, खाली फादरांची सही. फ्रान्सिस्को असं पूर्ण कधी लिहीत नाहीत, पहिली दोन अक्षरं आणि वर बारीक "को". काही नोंदींत मात्र मध्येच एक जास्तीची ओळ आहे. तिच्यात "एम काझा" आणि पुढे एक शब्द, मला "पार्तेइरा" असा वाचता येतो, आणि मग एका बाईचं नाव. नुसतं नाव, आडनाव नाही. दरवेळी तीच बाई. मी मोजलं, एकोणीस वर्षांत अकरा वेळा. ही कोण?

पणजीवाला

ताई, "एम काझा" म्हणजे घरी. "पार्तेइरा" म्हणजे सुईण.

बाळ जगेल असं वाटत नसेल आणि फादर वेळेवर पोचणार नसतील तर कोणीही स्नानसंस्कार देऊ शकतं, डोक्यावर पाणी ओतून ते शब्द म्हणायचे, चर्चच्या नियमाने तो पूर्ण संस्कार. बाळ वाचलं तर नंतर चर्चमध्ये तेल लावून बाकीचे विधी. त्या ओळीचा अर्थ, हे बाळ घरी सुईणीने बाप्तिस्मा दिलेलं. तुमच्या फादरांच्या यादीत नसलेल्या बाईने अकरा बाळांना संस्कार दिलाय आणि फादरांनी स्वतःच्या हाताने तिचं नाव लिहून ठेवलंय.

घमेलंवाली

अंगावर काटा आला.

कुपारी_मुलुख

आडनाव का नाही पण? आमच्याकडे पुस्तकात प्रत्येकाला आडनाव असतं, डिमेलो, लोपीस, तुस्कानो.

पणजीवाला

गरीब असेल, किंवा गाव तिला तेवढ्याच नावाने ओळखत असेल. किंवा ती ख्रिस्ती नसेलच. नियम असा की संस्कार देणारा ख्रिस्ती असलाच पाहिजे असं नाही, मन तसं असलं आणि शब्द बरोबर म्हटले की झालं. नाव कसं आहे, ख्रिस्ती वाटतं का?

वाडीतली_लेक

दोन्हीकडे चालेल असं नाव आहे. मी ते इथे लिहीत नाही, आधी त्या अकरा घरांत जाऊन येते. एका नोंदीतलं बाळ मी ओळखलं, समासात लग्न होतं त्यावरून. आमच्या मागच्या आळीतल्या मावशींचे ते वडील, बऱ्याच वर्षांपूर्वी वारले, पण मावशी आहेत, ब्याण्णव वर्षांच्या, कान थोडे गेलेत, आठवण पक्की आहे. सुईण कोण होती, कुठे राहायची, त्यांच्या घरात काहीतरी बोललं गेलं असेल.

शंकासुर_नाही

आत्ताच जा!

वाडीतली_लेक

आत्ता झोपल्या असतील हो. उद्या सहाच्या मिस्सेला येतात त्या, तिसऱ्या बाकावर, खांबाच्या बाजूला. मिस्सा सुटली की तिथेच शेजारी बसून विचारते. वही घेऊन जातेय.